जुन्या गाडीत पन्नास हजार घालायचे का? माझा सगळा हिशेब

२०२५ चा मे महिना, दुपारचे अडीच, पुण्याहून सोलापूरला येत होतो, टेंभुर्णी मागं टाकली आणि गाडीचा टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. डिकीत चादरी-टॉवेलचे नमुने, एसी फुल, बाहेर ४३ डिग्री. मी काय केलं तर एसी बंद केला आणि "मोहोळपर्यंत जाऊ, तिथं बघू" म्हणत चालवत राहिलो. ही चूक मला किती महाग पडली ते पुढं सांगतो. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १३, एक लाख अठ्ठावीस हजार किलोमीटर पळालेली. शेवटी टो करून आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात, दुकानात, नात्यात एकच चर्चा, "एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालतो का, देऊन टाक की लका."

तेव्हा मी महिनाभर जे शिकलो, विचारलं, आकडेमोड केली ते सगळं खाली ओळीनं लिहितोय. तुमची गाडी डिझेल असेल, खर्च क्लचचा किंवा एसीचा असेल, तरी पद्धत हीच.

१. गाडी गरम झाली की तिथंच थांबा

हे निर्णयाच्या आधीचं आहे, पण निर्णय इथंच बिघडतो. आजकालच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की ते वाकतं. काटा लाल पट्टीकडं जाताना थांबलात तर बहुतेक वेळा होज पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचा फॅन यावर निभावतं, म्हणजे दोन ते सहा हजार. तसंच पाच-सात किलोमीटर दामटलीत तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनमधलं पॅकिंग) जातं आणि हेड लेथवर न्यावं लागतं. मी सात किलोमीटर दामटली. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुलवर टाका, मे महिन्यात वेडेपणा वाटतो पण इंजिनची उष्णता तिकडून थोडी निघते. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, आतलं पाणी प्रेशरखाली उकळत असतं, थेट तोंडावर येतं.

२. रोग काय ते आधी, रेट नंतर

बहुतेकांचं इथंच उलटं होतं. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न "किती होतील?" आणि तो बिचारा अंदाजानं एक आकडा टाकतो. मला एका मोठ्या वर्कशॉपनं गाडी नीट न बघताच ७८ हजार सांगितले, त्यात हाफ इंजिनचं, म्हणजे खालच्या पिस्टन-रिंगांचं काम धरलेलं. अक्कलकोट रोडच्या बाजूला माझे जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, इंजिन उघडल्याबिगर खरं नाय सांगता येत." मी म्हटलं, "चाचा, पण न उघडता जेवढं बघता येतं तेवढं तरी बघा, त्याचे पैसे वेगळे घ्या." हे वाक्य पाठ करून ठेवा. तपासणीचे पैसे वेगळे दिले की मेकॅनिकवर काम काढण्याचं दडपण राहत नाही, आणि रिपोर्ट घेऊन तुम्ही दुसरीकडं जायला मोकळे.

न उघडता काय काय कळतं ते सांगतो.

गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. ऑइल कॉफीत दूध टाकल्यासारखं झालं असेल तर पाणी आत जातंय. नुसत्या झाकणाला थोडा पिवळट फेस असेल तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणानंही तसं होतं, डिपस्टिकवर पण तेच दिसलं तर मात्र गडबड. मग रेडिएटरमध्ये पाणी भरून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, सतत बुडबुडे येत असतील तर सिलेंडरमधला जळलेला गॅस पाण्यात येतोय. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. काळा धूर बहुतेक वेळा इंधनाचा मामला, तो त्यामानानं स्वस्तात सुटतो.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण हळूच सैल करा. तिथून धूर भकाभका बाहेर येत असेल तर त्याला आपल्याकडं मेकॅनिक "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा सिलेंडरची आतली भिंत घासलीय. अगदी थोडी वाफ दिसणं चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलेंडरला दाब मोजायचं गेज लावायचं. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते १९० पीएसआय येतं, आणि सिलेंडर-सिलेंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. माझे आकडे १७०, १६८, ९५, ९८. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम खाली, म्हणजे त्या दोघांच्या मधलं गॅस्केट फुटल्याची दाट शक्यता. मग चाचांनी त्या दोन सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत गेज लावलं. ऑइल टाकल्यावर आकडा वर गेला तर रिंगा खराब, कारण ऑइल ती फट तात्पुरती भरतं. आकडा तिथंच राहिला तर खालचं इंजिन ठीक, भानगड वर हेडमध्ये. माझा आकडा हलला नाही. ७८ हजारातलं हाफ इंजिनचं काम त्या एका चमचा ऑइलनं उडालं.

डिझेलला कॉम्प्रेशन याच्या दुपटीपेक्षा जास्त असतं, गेजही वेगळं लागतं, आणि तिथं इंजेक्टर, पंप, टर्बो हे तिघं वेगळे तपासून घ्या, कारण खरा खर्च तिथं दडलेला असतो.

३. मग खाली वाका, पत्रा बघा

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सडलेली बॉडी बदलता येत नाही. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घेऊन दाराखालचा पट्टा, मॅटखालचा फ्लोअर, पुढच्या शॉकअपच्या वरची जागा आणि मागच्या सस्पेंशनचे माउंट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. ठणठण वाजला तर पत्रा जिवंत, भदभद वाजला किंवा पापुद्रे निघाले तर इथंच थांबा, मोठं काम करू नका. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळं इथंच वाढलेल्या गाड्या गंजात बऱ्यापैकी वाचतात. पण तुम्ही मुंबई-रत्नागिरीकडची सेकंडहँड घेतली असेल तर जास्त बारकाईनं बघा, खारं वारं आधीच खाऊन गेलेलं असतं आणि वर अंडरकोटिंग मारलेलं असतं.

ॲक्सिडेंटमध्ये चॅसी वाकलेली असेल, टायर एकाच बाजूनं झिजत असतील आणि अलाइनमेंट करूनही गाडी ओढत असेल तर तेही याच खात्यात धरा.

४. पार्ट मिळतोय का

जास्त खपलेल्या गाड्यांचे पार्ट आपल्याकडं कुठंही मिळतात. पण शेवरलेनं २०१७ ला भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डनं २०२१ ला जाहीर केलं, अशा गाड्यांचं नेहमीचं सामान मिळतं, मात्र एखादा सेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल अडलं की गाडी गॅरेजात महिनाभर उभी. इस्टिमेट घ्यायच्या आधीच पार्टच्या दुकानात फोन करून विचारा. पसंतीचा क्रम असा: गाडीच्या कंपनीचा जेन्युइन, मग तोच पार्ट कंपनीला पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा, मग लोकल, मग भंगारातला. गॅस्केट, टायमिंगचं किट, वॉटर पंप, ब्रेक यात लोकल घेऊ नका. आरसा, दाराचं हँडल, लाइट भंगारातलं घेतलं तरी काही बिघडत नाही.

भंगारातून अख्खं इंजिन आणून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. स्वस्त पडतं खरं. पण आरसीवर इंजिन नंबर असतो, तो आरटीओत बदलून घेतला नाही तर उद्या गाडी विकताना आणि क्लेमच्या वेळी अडकाल. आणि ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद मागा, नाहीतर चोरीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली.

५. आता पैशाचा हिशेब

"गाडीची किंमत एक लाख, काम पन्नासचं, म्हणजे तोटा" असं सगळे सांगतात. विमा कंपन्यांचा नियम असा आहे की दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपेक्षा वर गेली की गाडी टोटल लॉस धरायची, तोच नियम लोक डोक्यात घेऊन बसतात. (जाता जाता, झीज होऊन इंजिन गेलं तर साधा विमा पैसे देत नाही.) पण विमा कंपनीला दुसऱ्या दिवशी दुकानात जायचं नसतं, तुम्हाला असतं. तुमच्यापुढं प्रश्न असा असतो की पुढची तीन वर्षं फिरायला महिन्याला किती पडणार, या गाडीत किती आणि तिच्या बदल्यात जे घ्याल त्यात किती.

माझं सांगतो. चाचांचं इस्टिमेट ३८ हजार: हेड फेसिंग (वाकलेलं हेड लेथवर घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह बसवणं, गॅस्केट सेट, टायमिंगचं किट, वॉटर पंप, नवा रेडिएटर, कूलंट, ऑइल, मजुरी. त्यावर २० टक्के उघडल्यावर निघणारा खर्च, म्हणजे साडेसात हजार. मग पुढच्या तीन वर्षांत येणारच असा खर्च: चार टायर १६ हजार, बॅटरी साडेचार (आपल्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांपेक्षा जास्त काढेल ही आशा सोडा), सस्पेंशन ८ हजार, आरसी रिन्यूअल आणि त्याआधीची डागडुजी मिळून १० हजार. बेरीज ८४ हजार. बंद गाडी आहे तशी विकली असती तर ४५ हजार मिळत होते, ते मी सोडतोय म्हणून तेही खर्चात धरले. तीन वर्षांनी गाडीचे ४० येतील, ते वजा. राहिले ८९ हजार, भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या जरा आत.

दुसरा रस्ता, पाचेक वर्षं जुनी चार लाखांची सेकंडहँड. तीन वर्षांनी दोन लाख साठ हजारांना जाईल असं धरलं, ट्रान्सफर आणि मेंटेनन्स ४० हजार, महिन्याला ५ हजार पडतात, आणि चार लाखांवरचं एफडीचं व्याज बुडतं ते वेगळंच.

तिसरा रस्ता नवीन. सहा लाखांची गाडी, पाच लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, ईएमआय साडेदहा हजार. तीन वर्षांत व्याजच एक लाखाच्या वर जातं, गाडीची किंमत दोन लाखांनी उतरते, विमा वर्षाला वीसेक हजार जास्त. खरा खर्च महिन्याला सव्वादहा हजारांच्या आसपास येतो, योगायोगानं जवळजवळ ईएमआयएवढाच.

बायकोनं चौथा रस्ता काढला, गाडीच नको. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे, पंढरपूर-तुळजापूरला एसटी आहे, घाईला रिक्षा. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, महिन्यातून एकदा-दोनदाच गाडी काढणाऱ्याला हाच रस्ता सगळ्यात स्वस्त. मला नमुन्यांची गाठोडी घेऊन महिन्यातून दोनदा पुणं आणि एकदा विजापूर करावं लागतं म्हणून जमलं नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील, ते स्वतःच्या वहीत मांडा, माझे उचलू नका. आणि जुन्या गाडीचा भाव ताजा विचारा, सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवीनची किंमत उतरली की गिऱ्हाईक जुनीलाही हात आखडतं. गेल्या वर्षी पन्नास हजारांचं क्लच-सस्पेंशन केलंय म्हणून आता इंजिन पण करू, हा विचार वहीत आणू नका, ते पैसे गेले. पुढं जे लागणार तेवढंच मोजा.

दुरुस्ती महिन्याच्या हिशेबात सेकंडहँडच्या निम्म्यात येत असेल आणि पत्रा शाबूत असेल तर मी डोळे झाकून करतो. जवळजवळ सारखी येत असेल तर करत नाही, कारण जुन्या गाडीत रस्त्यात अडकण्याचा त्रास वर फुकट मिळतो. घरात रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागणारं माणूस असेल तर हिशेब बाजूला ठेवून भरवशाची गाडी घ्या.

६. पंधरा वर्षांचं काय

व्हॉट्सॲपवर फिरतं की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. तो दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोलचा विषय दिल्ली-एनसीआरचा आहे. आपल्याकडं खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, पुढं आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते. फॉर्म २५, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. कारची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार, आणि वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार, शिवाय पर्यावरण कर. पीयूसी, विमा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बाकी असलेली ई-चलान हे सगळं आधी मिटवा. माझी मुदत ऑगस्ट २०२६, म्हणून तो खर्च मी आधीच धरला. तुमची मुदत दोन महिन्यांवर आली असेल तर आधी लाइट, ब्रेक, धूर, पत्रा यात गाडी पास होईल का ते बघा, मगच इंजिनाला हात लावा.

७. उघडायच्या आधी आकडा ठरवा

हेड एकदा उतरवलं की तुम्ही अडकता, सुट्या पार्टांच्या गाडीला गिऱ्हाईक भंगाराचाच भाव देतं. म्हणून कागदावर लिहून द्या: पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, उघडल्यावर नवीन काही निघालं तर फोन, आणि अमुक रकमेच्या वर काम थांबवायचं. मी ५० हजार लिहिले. चाचा हसले, पण त्यांनी पाळलं. हेड लेथवर गेलं तेव्हा स्वतः जाऊन बघितलं, पट्टी आणि फीलर गेज लावून किती वाकलंय ते त्यांनी दाखवलं. बहुतेक हेडना ०.०५ मिलिमीटरपर्यंतच सवलत असते, म्हणजे केसापेक्षाही कमी, त्यापेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, आणि फेसिंग करायला जाडीच उरली नसेल किंवा क्रॅक असेल तर नवं हेड. जुने पार्ट परत मागून घ्या, बदलले की नाही ते कळतं. फायनल बिल ४३,५०० झालं.

८. नको असेल तर नीट घालवा

बंद गाडी घेणारे दोन-तीन जण बोलवा, एकाच्या भावावर जाऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी देऊन मोकळं होऊ नका, आरसीवर नाव बदललंय हे ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे गाडी विकल्यावर झालेल्या ॲक्सिडेंटची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. भंगारातच काढायची असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि टॅक्समध्येही सूट मिळू शकते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर गाडी कापली जाईल, पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहील.

९. काम झाल्यावर

पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंट आणि ऑइलची पातळी बघा. कूलंट कमी होत असेल तर लगेच परत न्या, "बसेल हळूहळू" असं काही नसतं. पहिलं ऑइल मी हजार किलोमीटरलाच बदललं, लेथचा बारीक चुरा राहिलेला असतो. गाडी हायवेला लांब न्यायच्या आधी दोन-तीन वेळा तुळजापूरचा घाट चढून काट्यावर लक्ष ठेवलं.

आणि हे सगळं मुळात का झालं ते. माझा जुना रेडिएटर चाचांनी कापून दाखवला, आत नळ्यांना पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. जुळे सोलापुरात आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं गाडीत बोअरचंच पाणी ओतायची सवय लागलेली, आणि ते पाणी किती जड ते घरची स्टीलची भांडी बघूनच कळतं. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं, एवढंच रेडिएटरमध्ये गेलं पाहिजे, त्यानं गंज आणि थर थांबतो आणि उकळायचा बिंदूही वर जातो. डिकीत बोअरच्या पाण्याची दोन लिटरची बाटली कायम पडलेली असायची माझ्या, "इमर्जन्सीला" म्हणून. ती आता झाडांना घालतो, आणि तिच्या जागी मिक्स केलेल्या कूलंटचा कॅन ठेवलाय.